आभाळाला गॉगल

"मॅडम, तुमच्या फोटोतल्या आभाळात शाईच पडत नाही हो."

प्रेसवाले दादा असं म्हणाले आणि त्यांनी प्रूफचा कागद उजेडाला धरला. खरंच! खाली हळदीचं शेत, मध्ये डोंगर आणि वर... वर काहीच नाही. नुसता पांढरा कागद. कॅमेऱ्यात जो भाग पार उजळून जातो तिथं छापताना शाई लागतच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. सहापैकी चार फोटोंची तीच गत. उरलेल्या दोन फोटोंत आभाळ सुरेख आलं होतं, अगदी ढगाच्या कडा मोजाव्यात असं. पण त्याखालच्या बायका कोळशासारख्या काळ्या!

हे कॅलेंडर होतं वाई तालुक्यातल्या आमच्या एका बचत गटाचं. गटात चौदा जणी. हळद, पापड, कुरडया करून विकतात. मुंबईतल्या प्रदर्शनात हळदीच्या पुड्याबरोबर आपल्या गावाचं, आपल्या कामाचं एक कॅलेंडर ठेवावं, ही कल्पना त्यांचीच. सहा पानं, पानाला दोन महिने. प्रत्येकीनं पाचशे पाचशे रुपये काढले होते. फोटो ताईंनी काढायचे, म्हणजे मी. मुलगी शिकायला बाहेर गेल्यावर रिकामपण नको म्हणून मी भाच्याचा जुना डीएसएलआर कॅमेरा घेऊन फोटोग्राफीचा वर्ग केला होता ना! वर्गात वाहवा झाली होती, त्यामुळे अंगात थोडी हवाही गेली होती.

प्रूफ घेऊन गावात गेले. गटाच्या अध्यक्ष आक्कांनी चष्मा पुसून दोन्ही काळे फोटो बघितले आणि म्हणाल्या, "ताई, डोंगर झ्याक आलाय. आभाळ बी झ्याक. पर आमी कुटं हाय?"

मला काही बोलताच येईना. पाचशे रुपये प्रत्येकीचे होते आणि फोटोत त्या दिसतच नव्हत्या.

साताऱ्यात परत येऊन मी ओळखीच्या स्टुडिओवाल्या काकांना गाठलं. काकांचा स्टुडिओ कधीच बंद झाला, पण कपाट अजून भरलेलं आहे. त्यांनी प्रूफं बघितली, हसले नाहीत (याबद्दल मी त्यांची ऋणी आहे) आणि कपाटातून चष्म्याच्या डबीएवढी एक पेटी काढली. आत प्लास्टिकच्या तीन चौकोनी पट्ट्या. प्रत्येकीचा वरचा अर्धा भाग धुरकट करडा, खालचा अर्धा अगदी पारदर्शक.

"हे काय?" मी विचारलं.

"आभाळाला गॉगल," काका म्हणाले.

मैत्रिणींनो, तुम्ही ही वस्तू बघितली नसेल तर जीपची पुढची काच आठवा. वरच्या कडेला हिरवट-निळसर पट्टा असतो आणि खाली येईपर्यंत तो विरत जातो. उन्हाची तिरीप ड्रायव्हरच्या डोळ्यांवर येऊ नये, पण रस्ता स्वच्छ दिसावा, यासाठी तो असतो. किंवा आपली शेडेड साडी घ्या, काठाशी गडद आणि वर जाताना फिकी. ही पट्टी तशीच. तिचं पूर्ण नाव ग्रॅज्युएटेड न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर. नाव लांबलचक आहे, अर्थ साधा आहे. ग्रॅज्युएटेड म्हणजे हळूहळू विरत जाणारा. न्यूट्रल म्हणजे स्वतःचा रंग नसलेला, फक्त उजेड कमी करणारा. डेन्सिटी म्हणजे त्याचा दाटपणा. फोटोग्राफर मंडळी नुसतं 'ग्रॅड' म्हणतात.

पण याची गरजच का पडावी? आपल्या डोळ्यांना तर शेतही दिसतं आणि आभाळही. याचं कारण असं, की आपण आभाळाकडे बघतो तेव्हा डोळा आभाळापुरता जुळवून घेतो, शेताकडे बघतो तेव्हा शेतापुरता, आणि मेंदू दोन्हीची गोधडी शिवून देतो. आपल्याला ती शिवण जाणवतही नाही. कॅमेरा मात्र एका क्षणात एकच माप घेतो. ते शेताचं घेतलं तर आभाळ उतू जातं, आभाळाचं घेतलं तर शेत काळं पडतं.

हे दुखणं फोटोग्राफीइतकंच जुनं आहे. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे नावाचे छायाचित्रकार होते. त्यांनी 1856-57 च्या सुमारास समुद्राचे फोटो काढले. तेव्हाच्या काचेच्या प्लेटवर निळ्या उजेडाचा परिणाम फार होई, त्यामुळे आभाळ हमखास पांढरं यायचं. त्यांनी काय केलं, समुद्राची एक निगेटिव्ह, आभाळाची दुसरी, आणि दोन्ही एकाच कागदावर जोडून छापल्या. लोक थक्क झाले. पुढे रंगीत स्लाइड फिल्मच्या काळात तर काकांच्या भाषेत 'सुतावरची कसरत' होती. सर्वांत काळ्यापासून सर्वांत उजळापर्यंत पाचेक पायऱ्यांचाच फरक ती फिल्म पेलायची. त्यामुळे डोंगरदऱ्यांचे फोटो काढणारे लोक या पट्ट्यांशिवाय घराबाहेर पडत नसत. अमेरिकेतले गिर्यारोहक छायाचित्रकार गॅलन रॉवेल यांच्या नावाचे असे फिल्टर बाजारात आले होते. रॉवेल 2002 मध्ये विमान अपघातात गेले, पण त्यांचं नाव या पट्ट्यांशी अजून जोडलेलं आहे.

पायऱ्या म्हणजे काय, तर फोटोतला 'स्टॉप'. एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा. दोन स्टॉप म्हणजे पाव. तीन म्हणजे आठवा हिस्सा. काकांच्या पट्ट्यांवर 0.3, 0.6 आणि 0.9 असे आकडे होते. मला वाटलं किमती असतील! ते अनुक्रमे एक, दोन आणि तीन स्टॉप. कोणती पट्टी लावायची हे अंदाजानं ठरवायचं नाही, मोजायचं. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा. फक्त जमिनीकडे रोखून माप घ्या, मग फक्त आभाळाकडे रोखून घ्या, सूर्य मात्र त्यात येऊ देऊ नका. माझं शेतातलं उदाहरण सांगते. एफ 11 वर जमिनीला 1/15 सेकंद लागत होतं आणि आभाळाला 1/250. पंधरा, तीस, साठ, सव्वाशे, अडीचशे. चार पायऱ्यांचा फरक. मग चारचीच पट्टी हवी का? नाही. काकांचं पहिलं बजावणं हेच होतं, "आभाळ जमिनीपेक्षा थोडं उजळच राहिलं पाहिजे. ते जमिनीपेक्षा काळं झालं की बघणाऱ्याला काहीतरी चुकतंय हे लगेच कळतं, मग त्याला फिल्टर माहीत असो नसो." म्हणून तीनची लावायची, एक पायरी निसर्गासाठी सोडायची. आणि एक्स्पोजर जमिनीचंच ठेवायचं, 1/15. पट्टी लावल्यावर कॅमेऱ्याला परत माप घेऊ द्यायचं नाही. नाहीतर तो आपल्या मनानं काहीतरी बदलतो, सुनेनं लावलेला कुकर सासूनं येऊन परत लावावा तसा.

पट्टी नुसती हातानं लेन्सपुढे धरता येते, पण हात हलतो. त्यासाठी होल्डर असतो. लेन्सच्या तोंडावर आट्याची रिंग बसते, रिंगवर होल्डर आणि होल्डरच्या खाचेत पट्टी. ती वरखाली सरकवायची आणि गडद भागाची कड बरोबर क्षितिजावर आणायची. गोल, आट्याचे ग्रॅड फिल्टरही मिळतात, पण त्यांची कड कायमची मधोमध. मग तुमचं क्षितिज प्रत्येक फोटोत मधोमधच यायला हवं! ते पैसे घालवू नका. अगदी स्वस्त पट्ट्यांचा दुसरा त्रास म्हणजे त्या न्यूट्रल नसतात. दोन लावल्या की आभाळ जांभळट होतं. माझी पहिली पट्टी तशीच निघाली. काकांच्या पट्ट्यांवर ओरखडे होते म्हणून मी एका साडीच्या किमतीत नवा संच मागवला. "साडी दिसते तरी," एवढंच घरातून ऐकू आलं.

कॅलेंडर छापायला द्यायला तीन आठवडे होते. नोव्हेंबर चालू होता. थंडीत पहाटे उठून वाईच्या पुढे मेणवलीला गेले. नाना फडणवीसांनी बांधलेला वाडा आणि कृष्णेवरचा घाट. 'स्वदेस' सिनेमात (2004) बघितलेला हाच. पाण्यावर धुकं, पायऱ्या अंधारात आणि वर आभाळ उजळायला लागलेलं. मोजून तीनची पट्टी लावली, फोटो काढला आणि खूश होऊन बघितला, तर काहीतरी विचित्र. मिनिटभरानं उमगलं. वरच्या आभाळापेक्षा पाण्यातलं आभाळ जास्त उजळ आलं होतं! प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा नेहमी थोडं काळोखंच असतं, आरशातला दिवा दिव्याहून जास्त कसा पेटेल? पट्टी दोनची केली आणि सगळं जागच्या जागी बसलं. पहिलं पान मिळालं.

तिथून गावात. हळद हिरवीगार उभी होती, मागे पांडवगड. बायका साडीवर शर्ट चढवून, डोक्याला टॉवेल गुंडाळून कामाला लागलेल्या. माझ्या मनात चित्र तयार होतं, आक्का मध्यभागी, बाकीच्या मागे, वर डोंगर आणि ढग. बांधाखाली उभी राहिले, पट्टी बसवली, फोटो घेतला.

आणि आक्कांचं तोंड पहिल्यापेक्षाही काळं आलं.

बघा काय झालं. मी खालून फोटो घेत होते, त्यामुळे आक्कांचं डोकं डोंगराच्या रेषेच्या वर, आभाळात गेलं होतं. पट्टीला काय ठाऊक, हे आभाळ आणि हे माणूस? तिच्या गडद भागात जे येईल ते ती झाकणार. आक्कांना कमरेपासून खाली छान उजेड मिळाला आणि खांद्यापासून वर गॉगल! पुस्तकात, वर्गात सगळीकडे या फिल्टरचे नमुने बघितले ते समुद्राचे, तळ्याचे, रिकाम्या माळाचे. माणूस नसलेले. आमच्या कॅलेंडरला तर माणूसच हवा होता.

आक्कांनी मागून कॅमेऱ्यात डोकावून बघितलं. यावेळी काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

तिकडे बांधापलीकडे ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. "आक्का, मी त्यावर चढते. तुम्ही होतात तिथंच थांबा." दोघींनी हात दिला, मी चढले. वरून बघितलं तर सगळ्या जणी शेतात, हिरव्या पानांच्या पार्श्वभूमीवर. सर्वांची डोकी डोंगराच्या रेषेच्या खाली. आता आभाळ वेगळं, माणसं वेगळी. फक्त पांडवगडाचा उतार तिरका येत होता, म्हणून होल्डरच थोडा फिरवला आणि पट्टीची कड उतारावर नेली. हा होल्डरचा मोठा फायदा. तीन फोटो घेतले. तिसऱ्यात कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळ्या हसल्या. तेच पान.

पट्ट्यांचे प्रकार त्या तीन आठवड्यांत असे चुका करतच समजले. 'हार्ड' म्हणजे गडद भाग एकदम संपणारा. समुद्राचं सरळ क्षितिज असेल तिथं तो बरा. 'सॉफ्ट' म्हणजे सावकाश विरणारा, डोंगर, झाडं, घरं यांच्यासाठी. तिसरा 'रिव्हर्स', म्हणजे मध्यरेषेवर सर्वांत गडद आणि वर जाताना फिका. सूर्य अगदी टेकलेला असताना आभाळ खालीच जास्त उजळ असतं, त्यासाठी. माझ्याकडे तो नाही आणि अडलंही नाही.

खरी परीक्षा शहरात झाली. एक पान मुंबईचं हवं, असा आक्कांचा हट्ट. अर्धं गाव तिथंच आहे. त्यांचा थोरला मुलगाही वाशीच्या मार्केटात माथाडी. रात्रीच्या एसटीनं गेले आणि सकाळीच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभी राहिले. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सनं बांधलेली, 1888 मध्ये पूर्ण झालेली ती इमारत. 2004 पासून जागतिक वारसा. पण तिचं तोंड पश्चिमेला! सकाळी ऊन तिच्या पाठीमागून येतं. दर्शनी भाग सावलीत, मागचं आभाळ भगभगीत. मी हार्ड पट्टी बसवली तर घुमट आणि त्यावरची मूर्ती अर्ध्यातून काळी. जणू कुणी वरून काजळी फासली. सॉफ्ट लावली, तेव्हा डाग गेला पण घुमट उदासच राहिला. शहराला क्षितिज नसतंच मुळी. कुठं कळस वर आलेला, कुठं टॉवर, कुठं जाहिरातीचा फलक. सरळ पट्टी कुठं बसवणार?

अशा ठिकाणी दोनच उपाय. एक म्हणजे कॅमेरा स्टँडवर ठेवून दोन फोटो घ्यायचे, एक आभाळाचा, एक इमारतीचा, आणि कॉम्प्युटरवर जोडायचे. ल ग्रे यांनी केलं तेच. दुसरा उपाय म्हणजे संध्याकाळी यायचं! दुपार कलल्यावर सूर्य आपल्या पाठीशी येतो, दगड सोनेरी होतो, आभाळ आणि इमारत यांच्यात फारसा फरकच उरत नाही आणि फिल्टर पिशवीतच राहतो. मी दुसरा उपाय केला. वेळेपुढे पट्टीचं काही चालत नाही.

सूर्यास्ताला मात्र आक्कांच्या मुलाला घेऊन नरिमन पॉइंटच्या टोकाला गेले. तिथून मरिन ड्राइव्हचा बाक आणि पलीकडच्या इमारती दूर, पाण्यावर एका पट्ट्यात दिसतात. जवळचं उंच काही मध्ये येत नाही. सॉफ्ट पट्टी इथं अलगद बसली. दिवे लागल्यावर काकांनी शिकवलेली बिनपैशाची युक्तीही करून बघितली. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमधून उरलेला काळा पुठ्ठा बरोबर नेला होता. कॅमेरा कठड्यावर पिशवीच्या आधारानं पक्का ठेवला, आठ सेकंदांचं एक्स्पोजर लावलं आणि त्यातली सहा सेकंदं पुठ्ठा लेन्ससमोर आभाळाच्या भागावर धरला, किंचित वरखाली हलवत, म्हणजे कड उमटत नाही. आभाळाला दोनच सेकंदं मिळाली, म्हणजे पाव उजेड. झाली की 0.6 ची पट्टी! सातव्या प्रयत्नाला जमलं. आक्कांचा मुलगा शेजारी उभा राहून बघत होता. म्हणाला, "मावशी, एवढ्यात माझी दोन गाड्या पोती उतरवून झाली असती."

आता भाच्यासारखी मुलं म्हणतात, मावशी, हे सगळं मोबाईल आपोआप करतो. करतो, खरं आहे. तो एका दमात अनेक फोटो घेऊन जोडतो, आणि चांगलं जोडतो. आजचे चांगले कॅमेरेही फिल्मपेक्षा कितीतरी जास्त पायऱ्या पेलतात. काळोखा भाग नंतर उजळता येतो. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात मात्र तो उजळला की दाणे दिसतात. घरच्या आल्बमपुरता फोटो हवा असेल तर मी कुणालाही पट्ट्या घ्यायला सांगणार नाही. पण पांढरं झालेलं आभाळ कुठल्याच कॉम्प्युटरला परत आणता येत नाही, तिथं मुळात काही उमटलेलंच नसतं. आणि जोडकामात चालती माणसं, हलती पानं कधीकधी दुहेरी दिसतात. शिवाय पट्टी लावायची म्हणजे आधी थांबून जमीन मोजायची, आभाळ मोजायचं. मला ते आवडायला लागलं आहे. आमटीत मीठ नंतरही घालता येतं, तरी मी फोडणीनंतर घालतेच ना!

काळजी एवढीच, की पदरानं पुसायच्या नाहीत. मी पुसली आणि ओरखडा पडला. चष्म्याचं मऊ कापड ठेवा, धूळ आधी फुंकून घ्या आणि एकमेकींवर रचू नका.

दुसऱ्या खेपेची प्रूफं आली ती घेऊन गावात गेले. सगळ्या ओट्यावर जमल्या. एक फोटो मी मुद्दाम जास्त गडद केला होता, तीनची आणि एकची अशा दोन पट्ट्या लावून. काळेभोर ढग, एकदम सिनेमासारखं. मला तो मनापासून आवडला होता. आक्कांनी तो बाजूला काढला. "ह्ये नगं. त्या दिवशी असा पाऊस न्हवता. कुणी म्हनंल, ह्यांची हळद भिजली." काढून टाकला. त्या जागी धुक्यातल्या गावाचा एक साधा, बिनफिल्टरचा फोटो घेतला.

मग हळदीच्या शेताचं पान हातोहात फिरलं. प्रत्येकजण आधी स्वतःला शोधत होती, मग शेजारणीला. आक्कांनी ते शेवटी घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"ही मी. आन ह्यो आपला गड." मग प्रूफ खाली ठेवून त्या कामाचं बोलायला लागल्या, "आता सांगा ताई, ह्ये पुड्यासंगं फुकट द्यायचं, का तीस रुपये लावायचं?"

त्यावर ओट्यावर जी वादावादी सुरू झाली ती दिवेलागणीपर्यंत चालली. तीस रुपये ठरले.